सावकाश सोडायची बाटली

फिट ज्याला येते त्यालाच ती दिसत नाही, बाकी सगळ्या गल्लीला दिसते. त्यामुळे माझ्या आजाराची सुरुवात मला माहीत नाही. सांगणारे मात्र भरपूर होते, आणि प्रत्येकाचं वेगळंच. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, त्या सांगायच्या की साडीचे धागे कापता कापता मी मोठ्याने ओरडले आणि आडवी झाले. शेजारीण म्हणायची, ओरडले-बिरडले काही नाही, बसल्या जागी डोळे फिरवले. आमच्या ह्यांना विचारलं तर, "जाऊ दे ना आता." मला आठवतं ते इतकंच की मांडीवर हिरवी साडी होती, हातात कातर होती, आणि मग एकदम नाकाजवळ कुणाची तरी चप्पल होती. जीभ चावली गेली होती, अंग ठणकत होतं. शुद्धीवर आल्यावर मी पहिलं वाक्य बोलले म्हणे, "कुणाची ही घाण?" एवढ्या एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत आहे.

ही नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. आम्ही मूळचे अमळनेरकडचे, सुरतेत नवागामला राहायचो. हे लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला, मी घरी बसून साड्यांचे धागे कापायची. घरात आमची बोली अहिराणी, पण ती लिहायची मला सवय नाही, म्हणून शाळेत शिकले त्या मराठीत लिहितेय. आत्याबाईंचं बोलणं तेवढं आहे तसं ठेवलंय. त्या शुद्ध बोलायला लागल्या तर मलाच ओळखू यायच्या नाहीत.

त्या दिवशी कुणीतरी मला विचारलं, "मुलीचं नाव काय तुझ्या?" मी माझ्या धाकट्या बहिणीचं नाव सांगितलं. माझी सोनल चार वर्षांची, समोरच उभी होती. ती भोकाड पसरून रडायला लागली, आणि ही कोणाची पोरगी इतकी का रडतेय ते मला कळेना. आजवर पुष्कळ दुखलंखुपलं, पण त्या एका क्षणाइतकं दुसरं काही मला लागलेलं नाही.

पहिली बाटली

आत्याबाईंनी आणि ह्यांनी मला रिक्षात घालून जवळच्या एका दवाखान्यात नेलं. मोठा हॉल, दोन्हीकडे कॉटी. तिथे पोचल्यावर मला आणखी एक फिट आली, असं म्हणतात. मी पुन्हा डोळे उघडले तेव्हा हातात सुई होती आणि वर छोटी बाटली लटकत होती.

ज्यांनी असा वॉर्ड पाहिलाय त्यांना ठाऊक असेल, बाटलीवर नजर ठेवणं हे तिथे नातेवाइकाचंच काम असतं. सिस्टर एक आणि पेशंट हॉलभर. संपत आली की हाक मारायची, थेंब थांबला की नळीला टिचकी मारायची, थेंब कमीजास्त करायची नळीवरची ती छोटी चकरी जरा इकडेतिकडे फिरवायची. सगळे करतात, कुणी शिकवत नाही. माझ्याजवळ हे बसले होते. आत्याबाई चहा आणायला गेल्या होत्या.

मग माझा हात जळायला लागला. मिरची चोळल्यासारखा, मनगटापासून कोपरापर्यंत. मी "जळतंय, जळतंय" म्हणाले, निदान मला तरी तसं वाटलं. तोंडातून आवाज निघाला की नाही देव जाणे. मग छातीत पोकळ झालं. वरचा पंखा लांब लांब जायला लागला. मला भीती वाटायलाही वेळ मिळाला नाही.

त्यानंतरचं पुन्हा ऐकीव. आत्याबाई चहा घेऊन आल्या तर मी बर्फासारखी गार. "काय व्हयनं वं माय!" म्हणून त्यांनी कप टाकून दिला. डॉक्टर धावले, खाट पायाकडून उचलली, बाटली काढली, दुसरी लावली, छातीवर दाबलं. दाबलं की नाही यावर पुन्हा दोन मतं आहेत. एवढं खरं की मी वाचले, आणि माझा हात नंतर कितीतरी दिवस वांग्यासारखा जांभळा राहिला.

डॉक्टर म्हणाले, "फेनिटॉइन म्हणून इंजेक्शन आहे, फिट थांबवायचं. ते हिला मानवलं नाही. पुढे कुठेही गेलात तर सांगा, हे द्यायचं नाही." ते नाव आत्याबाईंच्या जिभेवर बसेना, पण निरोप पक्का बसला. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या, "तिले ती जळजळणारी सुई चालस नही." हे त्या वेळी भिंतीला टेकून उभे होते. एक शब्द बोलले नाहीत.

माळकऱ्यांच्या घरात जंत

मग डोक्याचा फोटो काढला. त्यात एक गाठ निघाली, हरभऱ्याच्या डाळीएवढी. डॉक्टरांनी सांगितलं की ती जंताची आहे. डुकराच्या मांसातून येणाऱ्या जंताची अंडी पोटात जातात, तिथून डोक्यात पोचतात.

आत्याबाईंनी गळ्यातली तुळशीची माळ बाहेर काढून डॉक्टरांना दाखवली. "आमना घरमा अंडं बी येस नही, आन तुम्ही डुक्कर सांगतस?" डॉक्टर बिचारे समजावत राहिले की भाजी नीट धुतलेली नसते, पाण्यात घाण असते, कुणाच्या तरी हाताला असते, खाणाऱ्याने मांस खायलाच पाहिजे असं नाही. माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. जंत डोक्यात, गाठ मेंदूत, कोबी कारणीभूत, आणि औषधच जिवावर उठलेलं. कशाचा कशाला मेळ लागेना. घरी येऊन आत्याबाईंनी कोबी आणणंच बंद केलं. मला कोबी आवडायचा हो!

घरी

दुसऱ्या गोळ्या सुरू झाल्या, झोपेच्या वाटाव्यात अशा. दिवसभर मी पेंगायची. कातर हातात द्यायला कुणी तयार नाही, स्टोव्हजवळ जाऊ देत नाहीत. सोनल माझ्याजवळ झोपायची बंद झाली. बालवाडीत जाऊन ती गुजराती बोलायला लागली होती. लांबून विचारायची, "मम्मी, तुं हवे नहीं पडे ने?" आता तर पडणार नाहीस ना? मी म्हणायची नाही पडणार, आणि मलाच खात्री नसायची.

पण सगळ्यात चमत्कारिक वागले ते आमचे हे. हा माणूस म्हणजे चेष्टेखोर. लूमवरून आला की दारातूनच माझी नक्कल करत यायचा. मी भाजीत मीठ जास्त टाकलं की शेजाऱ्यांना ऐकू जाईल असा "पाणी, पाणी" ओरडायचा. दवाखान्यातून आल्यापासून सगळं बंद. गोळी हातावर ठेवायचे, मी गिळेपर्यंत उभे राहायचे, आणि निघून जायचे. नजरेला नजर नाही. माझ्या जांभळ्या हाताकडे तर बघायचेच नाहीत. मी हात पुढे केला की ह्यांची मान वळलीच.

मी काय समजायचं? मला वाटलं, झालं, मिरगीवाली बायको नकोशी झाली. त्यात आत्याबाईंनी काढलं की मला थोडे दिवस माहेरी पाठवावं, आराम पडेल. हे हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मी एकदा भडकले. म्हटलं, "माझं डोकं बिघडलंय ते फोटोत दिसलं, तुमचं बिघडलंय ते कशात दिसणार?" एरवी या वाक्यावर हसून लोळले असते. उठून बाहेर गेले.

ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना सांगते, फिटचं भय असतंच, पण दोन फिटच्या मधल्या दिवसांत घरातल्या माणसांच्या चेहऱ्यावर काय वाचायचं हे कळत नाही, ते जास्त छळतं. वाचलेलं बहुतेक चुकीचंच निघतं.

मोठं हॉस्पिटल

पावसाळा संपता संपता मला ताप भरला आणि फिट परत आल्या, या वेळी एकीमागून एक. सकाळी एक, रिक्षात एक, मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या दारात एक. तिथे कसलंतरी इंजेक्शन दिल्यावर अंग शांत झालं. पण गुंगी अशी की रजईच्या आतून बोलणं ऐकावं तसं सगळं ऐकू येत होतं. डोळे किलकिले केले तर सगळं दोन-दोन दिसायचं, म्हणून मी मिटूनच घ्यायची.

एक डॉक्टरीणबाई होत्या, आवाजावरून माझ्याच वयाच्या. हिंदीत विचारत होत्या, आधी कुठल्या औषधाने त्रास झाला होता का? आत्याबाई या प्रश्नाची वाटच बघत होत्या. "तिले ती जळजळणारी सुई चालस नही, साहेब! मरी जाती ती!" डॉक्टरीणबाईंनी खोदून खोदून विचारलं, कुठलं, कधी, कसं. फेनिटॉइन हे नाव शेवटी ह्यांनी सांगितलं. तेवढ्यात वॉर्डातल्या आयाने आरडाओरडा केला की एका पेशंटजवळ एकच माणूस थांबेल, आणि आत्याबाईंना बाहेर काढलं.

मग डॉक्टरीणबाई सिस्टरशी बोलत राहिल्या, ते मला तुटक तुटक ऐकू आलं. आता दिलेलं औषध थोड्या वेळाने उतरेल, फिट परत येतील. त्यांना फेनिटॉइनच द्यायचं होतं. पण एकदा त्याने जीव जायची वेळ आली असेल तर कसं देणार? दुसरं इंजेक्शन होतं, पण ही आधीच एवढी गुंगीत, त्याने श्वास मंदावला तर मशीन लागणार, आणि मशीन एकही रिकामं नव्हतं. "दूसरा ही देना पडेगा," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज फार काळजीचा होता. मला वाटलं, उठून सांगावं की बाई, जे द्यायचं ते द्या, पण मला सोनलचं नाव विसरू देऊ नका. तोंड उघडेना.

आणि मग मला ह्यांचा आवाज ऐकू आला.

"मॅडम, औषधाचा दोष नव्हता."

त्यांनी कॉटची दांडी धरली असावी, कॉट हलली.

"चकरी मी उघडली होती."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काय?"

"थेंब फार सावकाश पडत होता. शेजारच्या कॉटवाला म्हणाला, बाटली अडलीय, चकरी खोल. सगळेच खोलतात. माझी शिफ्टची वेळ झाली होती. सिस्टर बजावून गेली होती, हात लावायचा नाही म्हणून. तरी लावला. हळू चालणारं काही दिसलं की लूमवाल्याचा हात जातोच, मॅडम. ही गार पडली तशी मी परत बंद केली. कुणाला सांगितलं नाही. आईलाही नाही."

"किती उघडली होती?"

"पूर्ण."

मी डोळे उघडले. दोन डॉक्टरीणबाई होत्या आणि दोन नवरे होते. दोन्ही नवरे रडत होते.

डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत. किंवा चिडल्याही असतील, मला तेवढं कळलं नाही. त्या म्हणाल्या, हे औषध जोरात गेलं तर हृदयावर येतं, प्रेशर पडतं, हात जळतो. सावकाश गेलं तर फिट थांबवतं. "आज तुम्ही बोलला नसता तर मी हे दिलं नसतं," असं त्यांनी म्हटलेलं मला आठवतं. मग सिस्टरला हाक मारून म्हणाल्या, ग्लुकोजची नको, मिठाच्या पाण्याची बाटली आण. माझ्या छातीला वायरी चिकटवल्या, दंडाला प्रेशरचा पट्टा बांधला. स्वतः स्टुलावर बसल्या, आणि तोंड माझ्या कानाशी आणून म्हणाल्या, "जलन हो तो बोलना. चुप मत रहना."

थोड्या वेळाने जळलं. मी म्हणाले, "जळतंय." या वेळी आवाज निघाला. त्यांनी तिथल्या तिथे बाटली बंद केली, सुई काढली, दुसऱ्या हातात वर मोठी शीर शोधून पुन्हा लावली, आणि परत तितकीच सावकाश सोडली. जळायचं थांबलं. मला झोप लागली.

खरं की भास

जागी झाले तेव्हा फिट थांबल्या होत्या. डोकं जड, चालायला उभं केलं तर पाय एकीकडे आणि मी एकीकडे. पण कोण मी, कुठे मी, मुलीचं नाव काय, सगळं जागेवर होतं. आयाने माझी वेणी घालून दिली. ही तीच आया, जिने आत्याबाईंना हाकललं होतं. केसांतला गुंता ती इतक्या अलगद सोडवत होती की मला रडू आलं.

आत्याबाई खूश. "डॉक्टरीण भली शे," म्हणाल्या. तीच सुई दिली होती हे सिस्टरकडून कळल्यावर त्यांनी थोडा विचार केला आणि निकाल दिला, "कंपनी दुसरी व्हई." त्यांच्यापुरता विषय संपला.

माझा संपेना. ह्यांचं ते बोलणं मी खरंच ऐकलं होतं, की गुंगीत माझ्याच डोक्याने रचलं होतं? हसू नका. ज्या डोक्याने पोटच्या पोरीचं नाव विसरायला लावलं, त्याची साक्ष मी कशी धरायची? त्याच गुंगीत मला कॉटखाली लूम चालताना ऐकू आले होते, आणि वारलेले माझे वडील टिफिन मागत होते. ते खोटं, तर मग हे खरं कशावरून? डॉक्टरीणबाईंची ड्यूटी दुसऱ्या वॉर्डात लागली होती, त्या परत दिसल्या नाहीत. आणि दिसल्या असत्या तरी काय विचारणार होते? माझ्या नवऱ्याच्या हातून मी मरता मरता वाचले, असं तो म्हणाला का हो?

ह्यांना विचारायची तर छातीच होईना. भास असेल तर केवढा आळ! आठ वर्षांच्या संसारात ज्याने माझ्यावर कधी हात उचलला नाही, त्याला मी हे विचारायचं? आणि खरं असेल तर? खरं असेल तर राग यायला हवा, आणि तो येतही होता, छातीपर्यंत येऊन परत जायचा. मी ह्यांच्याकडे बघत पडून राहायची. हे शेजारी बसून लिंबू सोलायचे. लिंबू कुणी सोलतं का? पण काहीतरी सोलत बसायचे.

एक वाटायचं, खरं असू दे. कारण खरं असलं तर गेल्या कित्येक महिन्यांचा अर्थ लागत होता. मान वळवणं, गप्प राहणं, जांभळा हात न बघणं. मी नकोशी झाले होते म्हणून नाही. ते माझ्यासमोर उभेच राहू शकत नव्हते म्हणून. आणि दुसऱ्याच क्षणी वाटायचं, नको, भास असू दे. मेल्यासारखी पडलेली बाई बघूनही जो गप्प राहिला, त्याच्याबरोबर मी कशी राहू?

शेजारची कॉट

सुट्टी मिळायच्या आदल्या दिवशीची सकाळ. मी नाश्ता केला होता, डोकं स्वच्छ होतं, समोरचं एकच दिसत होतं, सगळं एक-एक. शेजारच्या कॉटवर उधनाकडच्या एका बाई होत्या, त्यांनाही फिटच यायच्या. त्यांना नुकतीच छोटी बाटली लावून सिस्टर प्रेशरचं मशीन आणायला गेली होती. त्यांचा भाऊ बाटलीकडे बघत उभा. बघितलं, घड्याळ बघितलं, पुन्हा बाटली बघितली. मग त्याचा हात नळीकडे गेला.

हे माझ्या पायथ्याशी बसले होते, ते उडालेच. त्या माणसाचं मनगट इतकं घट्ट धरलं की तो ओरडला, "अरे शुं करे छे?"

"हाथ नहीं लगाने का, भाई!" ह्यांचा आवाज अख्ख्या वॉर्डात गेला. "मैंने लगाया था। मेरी औरत मर रही थी मेरे हाथ से।"

सिस्टर मशीन घेऊन दारात थांबली. त्या भावाने हात मागे घेतला आणि दोन्ही हात खिशात घालून उभा राहिला. हे तसेच उभे होते, आपला हात हवेत धरून. मग हळूच वळून त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी झोपलेली असेन असं त्यांना वाटलं होतं.

मी म्हणाले, "ऐकलं मी."

त्यांचं तोंड उतरलं.

"आधीही ऐकलं होतं. त्या बाई बसल्या होत्या तेव्हा."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"खरं वाटत नव्हतं."

ते उभेच. मला राग आला, आता अगदी तोंडापर्यंत आला, आणि मी त्या भरल्या वॉर्डात त्यांना अहिराणीत अशा शिव्या दिल्या की आत्याबाई असत्या तर त्यांनी माळ हातात धरली असती. ते मान खाली घालून ऐकत राहिले. मध्ये एकदाही "अगं पण" म्हणाले नाहीत. माझा श्वास संपला तेव्हा मी थांबले.

मग मी पाय पोटाशी घेतले आणि कॉटवर त्यांना बसायला जागा केली.